पत्र्याच्या शेडमध्ये बिनतारी संवेदकांचा वापर



शेतमालाची साठवण, प्रतवारी आणि प्रक्रिया आता गावात, कित्येकदा शेताच्या बांधावरच होऊ लागली आहे. द्राक्ष व डाळिंबाची शीतगृहे, बेदाण्याची कोठारे, हळद व सोयाबीनची गोदामे, कोंबड्यांची बंद शेडे, शेतकरी उत्पादक कंपन्यांची प्रतवारी केंद्रे अशा बहुतेक इमारती लोखंडी सांगाड्याच्या आणि पत्र्याच्या असतात. त्या लवकर उभ्या राहतात, उंदीर-घुशींपासून माल सुरक्षित राहतो आणि जागाही मोकळी मिळते.

अशा इमारतीतील तापमान व आर्द्रता मोजण्यासाठी बिनतारी संवेदक वापरण्याकडे कल वाढला आहे. छोटी पेटी भिंतीला लावली की ती ठरावीक वेळाने आकडा पाठवते आणि तो घरबसल्या मोबाईलवर दिसतो. सोय निःसंशय चांगली आहे. मात्र उघड्या शेतात दोन किलोमीटरवरून निरोप देणारा संवेदक पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास फुटांवरूनही गप्प बसू शकतो. तो गप्प बसला तरी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. ‘तापमान ठीक आहे’ असे समजून आपण झोपतो आणि आत कंप्रेसर किंवा पंखे बंद पडलेले असतात. शीतगृहात यामुळे अनेकांचा हंगामभराचा माल धोक्यात येतो. कोंबड्यांच्या बंद शेडमध्ये उन्हाळ्यात पंखे थांबले तर तासाभराच्या आत मोठी मरतूक होऊ शकते.

म्हणून असे संवेदक घेण्यापूर्वी व बसविताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

धातू लहरींना का अडवतो?

बिनतारी संवेदक आपला निरोप रेडिओ लहरींतून पाठवतो. वीट, माती, लाकूड, प्लास्टिक, काच यांमधून या लहरी कमी-अधिक प्रमाणात पार जातात. धातूचे तसे नाही. लहर धातूवर आदळली की धातूच्या पृष्ठभागात विजेचा प्रवाह निर्माण होतो आणि लहर परत फिरते. चारही बाजूंनी धातूने वेढलेल्या जागेत बाहेरचा विद्युत प्रभाव पोचत नाही, हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूने मढविलेली खोली बांधून दाखविले होते. पत्र्याचे बंद शेड ही तशीच खोली होय.

पत्रा पातळ असला तरी फरक पडत नाही. संवेदकांच्या लहरी धातूमध्ये काही मायक्रॉन खोलीपर्यंतच शिरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तर सोडाच, छताखाली लावलेला चंदेरी ॲल्युमिनियमचा पापुद्राही लहर अडवतो.

ट्रान्झिस्टर रेडिओ चालू करून स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. आवाज खरखरतो किंवा बंद पडतो. झाकण थोडे उघडले की पुन्हा ऐकू येते. शेडचे दार, खिडकी, पत्र्यांमधील फटी व प्रकाशासाठी बसविलेले पारदर्शक पत्रे ही आपल्या डब्याची उघडी झाकणे आहेत. निरोप बाहेर जातो तो याच वाटांनी.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. विहिरीत तोंड घालून हाक मारली तर आवाज भिंतींवर आदळून घुमतो आणि शब्द कळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लहरींचे तसेच होते. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. त्यामुळे एका जागी निरोप मिळत नाही, पण संवेदक वीतभर सरकविला की मिळू लागतो. संवेदक बिघडला असे समजून तो परत करण्यापूर्वी जागा बदलून पाहावी.

इमारत ओळखा

सर्व शेडे सारखी नसतात. आपले शेड पुढीलपैकी कोणत्या प्रकारात मोडते ते प्रथम पाहावे.

१) वर पत्रा, बाजू उघड्या : बांबू वा लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची कांदा चाळ या प्रकारात येते. लहरी बाजूंनी सहज बाहेर पडतात. अडचण सहसा येत नाही.

२) वर पत्रा, बाजूंना लोखंडी जाळी : कोंबड्यांची उघडी शेडे या प्रकारात येतात. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीच्या मानाने खूप लहान असली तर जाळीही पत्र्याप्रमाणे वागते. ८६५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे इंचभर छिद्रांच्या जाळीतून तिचा जोर बराच घटतो.

३) चारही बाजूंनी पत्रा, मोठे शटर : गोदामे व प्रक्रिया केंद्रे. शटर उघडे असताना निरोप मिळतो, बंद केले की थांबतो. ‘दिवसा चालते, रात्री बंद पडते’ अशी तक्रार असेल तर प्रथम शटरचा संशय घ्यावा.

४) दोन्ही बाजूंना पत्रा व मध्ये फोम असलेले पॅनेल : शीतगृहे, पूर्वशीतकरण कक्ष व काही बंद कुक्कुट शेडे. येथे फटी जवळजवळ नसतात. बाहेर ठेवलेल्या ग्रहणयंत्राला आतील निरोप मिळेल अशी अपेक्षाच धरू नये.

आत साठविलेला मालही लहरी शोषतो. द्राक्ष, कांदा, बटाटा यांत चार भागांपैकी तीन किंवा अधिक भाग पाणीच असते आणि पाणी लहरींचा जोर खाते. धान्याच्या पोत्यांतही ओलावा असतो. म्हणून रिकाम्या शेडमध्ये उत्तम चालणारी यंत्रणा माल भरल्यावर मंद पडते.

कोणती वारंवारता निवडावी?

बाजारात निरनिराळ्या वारंवारतेची यंत्रे मिळतात. भारतात शेतकऱ्याने पुढील दोन पट्टे लक्षात ठेवावेत.

८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा : ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढविला आहे. ‘लोरा’ पद्धतीची यंत्रे आपल्याकडे या पट्ट्यात चालतात. लहर लांब असल्याने ती थप्प्यांच्या कडेने वळून जाते आणि क्षीण निरोपही ग्रहण होतो. मोठ्या शेडसाठी हा पट्टा सोयीचा आहे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा : वायफाय व ब्लूटूथ यांचा हा पट्टा आहे. लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. अंतर कमी मिळते आणि ओल्या मालात जोर लवकर घटतो. एका खोलीपुरता वापर असेल तर चालते.

काही स्वस्त यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झची असतात. तो अमेरिकेतील पट्टा आहे. आपल्याकडे त्यातील काही भाग मोबाईल सेवेसाठी दिलेला असल्याने अशी यंत्रे घेऊ नयेत. यंत्रास दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची मान्यता आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘दहा किलोमीटर रेंज’ असे जाहिरातीत लिहिलेले असते. ते अंतर मोकळ्या मैदानातील, उंच अँटेनाचे असते. बंद पॅनेलच्या खोलीत कोणत्याही पट्ट्याची लहर धातूतून पार जात नाही. वारंवारता चांगली निवडली तर फटींतून व वळणांतून निरोप निघण्याची शक्यता वाढते, इतकेच.

ग्रहणयंत्र आत, वायर बाहेर

पत्र्याच्या इमारतीत सर्वांत खात्रीचा उपाय साधा आहे. लहरीने धातू ओलांडण्याचा आग्रह धरू नये. धातू ओलांडण्याचे काम वायरला द्यावे.

संवेदकांचे निरोप गोळा करणाऱ्या यंत्राला ग्रहणयंत्र किंवा गेटवे म्हणतात. त्याची मांडणी तीन प्रकारे करता येते.

पहिली पद्धत : ग्रहणयंत्र शेडच्या आतच, संवेदकांच्या नजरेच्या टप्प्यात बसवावे. तेथून नेटवर्कची वायर बाहेरच्या कार्यालयात न्यावी. गोदामे व प्रक्रिया केंद्रांसाठी ही पद्धत उत्तम.

दुसरी पद्धत : ग्रहणयंत्र बाहेर कोरड्या जागी ठेवावे आणि फक्त त्याची अँटेना वायरने आत न्यावी. शीतगृहातील थंडी व दमट हवा यंत्राला मानवत नसल्याने तेथे ही पद्धत योग्य. मात्र अँटेनाची वायर लांबवू नये. बाजारातील आरजी-५८ जातीच्या वायरमध्ये या पट्ट्यात १० मीटरमागे ५ ते ६ डेसिबल जोर घटतो, म्हणजे सुमारे तिसरा ते चौथा हिस्साच शिल्लक राहतो. वायर दोन-तीन मीटरच ठेवावी किंवा जाड, कमी घटीची वायर वापरावी. कक्ष अनेक असतील तर प्रत्येक कक्षात अँटेना लागते.

तिसरी पद्धत : छतात प्रकाशासाठी फायबर किंवा पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे असतील तर त्यांतून लहरी पार जातात. अशा पत्र्याखाली किंवा त्याच्या सरळ रेषेत बाहेर ग्रहणयंत्र ठेवून पाहावे. नवीन शेड बांधताना दोन-चार पारदर्शक पत्रे योग्य जागी बसविले तर उजेड आणि निरोप दोन्हींची सोय होते.

मोबाईलचे सिमकार्ड असलेल्या यंत्रांनाही हाच नियम लागू आहे. आत मोबाईलला रेंज नसेल तर सिमच्या यंत्रालाही नसणार. त्याची अँटेना बाहेर काढावी.

शीतगृहाच्या पॅनेलला वायरसाठी भोक पाडावे लागते. ते पॅनेल बसविणाऱ्या कारागिराकडूनच पाडून घ्यावे आणि दोन्ही बाजूंनी फोम व सिलिकॉनने पक्के बंद करावे. भोक उघडे राहिल्यास बाहेरची दमट हवा फोममध्ये शिरते, तेथे पाणी व बर्फ साठतो आणि पॅनेल निकामी होऊ लागते.

अँटेना शेडच्या वर, उघड्यावर असेल तर तिला वीजरोधक बसवून भूसंपर्क द्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर हा जोड तपासावा.

अँटेना व संवेदक बसविताना

१) अँटेना पत्र्याला चिकटवून किंवा लोखंडी खांबाला बांधून ठेवू नये. ८६५ मेगाहर्ट्झसाठी धातूपासून निदान एक फूट अंतर ठेवावे. लाकडी किंवा पीव्हीसी नळीचा आधार द्यावा. चुंबकाने पत्र्यावर बसविण्यासाठी खास बनविलेली अँटेना याला अपवाद आहे.

२) सर्व अँटेना एकाच दिशेने, शक्यतो उभ्या ठेवाव्यात. एक उभी व एक आडवी असल्यास जोर घटतो.

३) ग्रहणयंत्राची अँटेना मालाच्या थप्पीपेक्षा उंच असावी.

४) संवेदकाची पेटी प्लास्टिकची असावी. ‘मजबुतीसाठी’ ती लोखंडी खोक्यात घालू नये. असे केल्यास आपणच डब्याचे झाकण लावल्यासारखे होते.

५) मोटारींचे वेगनियंत्रक, मोठे स्टार्टर व पॅनेल बोर्ड यांपासून संवेदक व ग्रहणयंत्र दूर ठेवावे.

६) पोत्यांच्या थप्पीत किंवा क्रेटच्या मधोमध तापमान मोजायचे असेल तर वायरची सळई असलेला संवेदक घ्यावा. सळई मालात आणि पेटी बाहेर, थप्पीच्या वर ठेवावी. पूर्ण पेटी मालात पुरल्यास निरोप बाहेर येत नाही.

मोजमापाची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली लावलेला संवेदक पत्र्याची उष्णता दाखवतो, मालाची नव्हे. कोंबड्यांच्या शेडमध्ये तो पक्ष्यांच्या उंचीवर असावा. पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते पिलांजवळचे, छताजवळचे नव्हे. पिलांची चोच पोचणार नाही असे संरक्षण मात्र द्यावे. शीतगृहात एक संवेदक शीतकाच्या वाऱ्यापासून सर्वांत दूर, एक दाराजवळ आणि एक थप्पीच्या मध्यावर असावा. द्राक्षासाठी तापमान ० अंशाच्या आसपास व आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात. तेथे हवेच्या तापमानाबरोबर मण्याच्या गराचे तापमान सळईने मोजणे आवश्यक आहे. हवा लवकर थंड होते, गर उशिरा.

बसविण्यापूर्वी चाचणी

विक्रेता बहुधा रिकाम्या शेडमध्ये, दार उघडे ठेवून यंत्र चालवून दाखवतो. एवढ्यावर समाधान मानू नये. चाचणी पुढीलप्रमाणे करावी.

१) शेडचा साधा नकाशा काढून त्यावर संवेदकांच्या जागा मांडाव्यात.

२) संवेदक दर अर्ध्या मिनिटाला निरोप पाठवील असा चाचणीपुरता लावावा. प्रत्येक जागी ५० निरोप पाठवून किती मिळाले ते मोजावे.

३) निरोपाचा जोरही नोंदवावा. तो उणे आकड्यात, डीबीएम या एककात दिसतो. उणे ७० चांगला, उणे ११० क्षीण. दर १० डेसिबलला जोर दहापट घटतो.

४) चाचणी चार वेळा करावी : दार उघडे, दार बंद, शेड रिकामे, शेड भरलेले. पंखे व कंप्रेसर चालू असावेत.

५) सर्वांत वाईट स्थितीत ५० पैकी निदान ४८ निरोप मिळावेत आणि जोर ग्रहणयंत्राच्या मर्यादेपेक्षा १५ ते २० डेसिबलने जास्त असावा.

हे एका उदाहरणाने समजून घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ग्रहणयंत्राची मर्यादा उणे १२० आहे. ग्रहणयंत्र बाहेर ठेवून रिकाम्या गोदामात शटर उघडे असताना जोर उणे ८५ मिळाला. ३५ डेसिबलची शिल्लक आहे, म्हणजे सर्व ठीक वाटते. मग माल भरला, २० डेसिबल घटले. जोर उणे १०५ झाला. रात्री शटर लावले, आणखी २० घटले. जोर उणे १२५. मर्यादा ओलांडली आणि निरोप थांबला. दिवसा विक्रेत्याने दाखविले तेही खरे आणि रात्री बंद पडले तेही खरे. हेच ग्रहणयंत्र गोदामाच्या आत बसविले तर शटरचे २० डेसिबल वाचतात आणि रात्रीही जोर उणे १०५ राहतो. येथे १५ डेसिबल शिल्लक आहे. अँटेना थप्पीच्या वर उचलल्यास ती आणखी वाढते.

एखाद्या जागी निरोप मिळत नसेल तर संवेदक ८ ते १० सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवून किंवा थोडा फिरवून पुन्हा मोजावे. योग्य जागा सापडली की तेथे खूण करावी.

थंडी, धूळ व धुरी यांपासून जपणूक

थंडीत साध्या अल्कलाइन सेलची ताकद घटते. शून्य अंशाखालील खोल्यांसाठी लिथियम थायोनिल क्लोराइड जातीचे सेल वापरावेत. दर १० मिनिटांनी निरोप पाठविल्यास दिवसाला १४४ निरोप जातात. दर मिनिटाला पाठविल्यास १,४४०. गरजेपुरतीच वारंवारिता ठेवावी. निरोप क्षीण असेल तर लोरा जातीचा संवेदक तोच निरोप सावकाश पाठवतो. सर्वांत जलद व सर्वांत सावकाश पद्धतीत लागणाऱ्या वेळात वीसपटीहून अधिक फरक असतो. म्हणजे जागा चुकीची असेल तर सेलही लवकर संपतो. एकाच संवेदकाचे सेल वारंवार संपत असतील तर त्याची जागा तपासावी.

शीतगृहातून बाहेर काढलेल्या संवेदकावर दव साठते. पेटी पाण्यापासून सुरक्षित, निदान आयपी ६५ दर्जाची असावी आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये.

कुक्कुट शेडमधील धूळ व अमोनिया वायूमुळे आर्द्रतेचा संवेदक हळूहळू चुकीचे आकडे दाखवू लागतो. प्रत्येक बॅचनंतर तो कोरड्या ब्रशने साफ करून तपासावा. द्राक्षाच्या पेट्यांतील गंधकयुक्त कागदातून निघणारा सल्फर डायऑक्साइडही संवेदकास अपायकारक आहे.

गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देण्यापूर्वी सर्व संवेदक व ग्रहणयंत्र बाहेर काढावे. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू तांब्याला गंज आणतो व यंत्रे निकामी करतो. काढायचे राहिले असल्यास ते धुरी चालू असताना आणण्यासाठी आत जाऊ नये. हा वायू प्राणघातक आहे. यंत्र गेले तरी चालेल.

आकडा खरा आहे का, याची घरगुती तपासणी

तापमान : पाण्यात न बिघडणारी सळई असेल तर बारीक फोडलेला बर्फ व थोडे पाणी एकत्र करून त्यात सळई बुडवावी. पाच मिनिटांनी ० अंश दिसावा. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो.

आर्द्रता : झाकणाच्या प्लास्टिक डब्यात लहान वाटी ठेवून तीत साधे मीठ व थोडे पाणी यांचा ओलसर रवाळ लगदा करावा. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. मीठ लागणार नाही अशा बेताने संवेदक डब्यात ठेवून झाकण घट्ट लावावे व डबा सावलीत ठेवावा. रात्रभरानंतर, तापमान २५ अंशांच्या आसपास असता, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ दिसावी. फरक असेल तो पेटीवर लिहून ठेवावा व ५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास संवेदक बदलावा.

वर्षातून दोनदा, हंगामापूर्वी व हंगामाच्या मध्यावर ही तपासणी करावी.

निरोप न येणे हाच धोक्याचा निरोप

बहुतेक यंत्रणांमध्ये ‘तापमान अमुक अंशांवर गेले तर सूचना द्या’ अशी सोय असते. तेवढी पुरेशी नाही. निरोपच आला नाही तर तापमान किती चढले हे यंत्राला कळणार कसे? म्हणून ‘निरोप थांबला तर सूचना द्या’ ही सोय असलेलीच यंत्रणा घ्यावी आणि ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी.

साधारण नियम असा : लागोपाठ तीन निरोप चुकले की भोंगा वाजला पाहिजे. शीतगृहात दर १० मिनिटांनी निरोप येत असेल तर अर्ध्या तासात सूचना मिळते. बंद कुक्कुट शेडमध्ये अर्धा तास फार मोठा आहे. तेथे दर मिनिटाला निरोप घ्यावा.

पडद्यावर आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हे दिसले पाहिजे. आकडा पाहण्यापूर्वी वेळ पाहण्याची सवय लावावी.

वीज गेली की पंखे, ग्रहणयंत्र व इंटरनेट एकदमच बंद पडतात, म्हणजे गरज असते नेमके तेव्हाच यंत्र मुके होते. ग्रहणयंत्राला स्वतंत्र बॅटरी द्यावी. ‘निरोप थांबला’ ही सूचना शेडमधील यंत्रावर नव्हे, तर बाहेरच्या सर्व्हरवर ठरविलेली असावी, म्हणजे शेडमधील सर्वच बंद पडले तरी मोबाईलवर सूचना येईल. शीतगृहात बर्फ वितळविण्याच्या वेळी तापमान थोडे चढते. त्यासाठी तापमानाच्या सूचनेला १५ ते ३० मिनिटांचा अवधी ठेवावा, नाहीतर खोट्या सूचनांना कंटाळून माणसे भोंगाच बंद करतात.

जिवंत पक्षी किंवा मोठ्या किमतीचा माल असेल तेथे बिनतारी यंत्रणेवर एकट्याने विसंबू नये. वायरने जोडलेला साधा थर्मोस्टॅट, स्वतंत्र बॅटरी आणि शेडवरच वाजणारा भोंगा असावा. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही. रात्री भोंगा वाजल्यावर कोणी उठायचे, जनित्र कोणी सुरू करायचे आणि तो नसेल तर दुसरे कोण, हे भिंतीवर लिहून ठेवावे. महिन्यातून एकदा संवेदकाचा सेल मुद्दाम काढून सूचना येते का, ते पाहावे.

बिनतारी की वायरची?

एकच लहान शीतकक्ष, दोन-तीन संवेदक आणि जवळच कार्यालय असेल तर वायरची यंत्रणा स्वस्त व खात्रीची पडते. आरएस-४८५ पद्धतीची वायर हजार मीटरपर्यंतही निरोप नेऊ शकते. जेथे थप्प्या सतत हलतात, संवेदक जागा बदलतात, शेडे अनेक व लांब-लांब आहेत किंवा वायर उंदीर कुरतडतात, तेथे बिनतारी संवेदक सोयीचे ठरतात. पुष्कळ ठिकाणी दोन्हींचा मेळ योग्य असतो : शेडच्या आत बिनतारी, शेडच्या बाहेर वायर.

खरेदीपूर्वी विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न

१) यंत्र ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालते का? मान्यता आहे का?
२) अँटेना बाहेर काढता येते का?
३) निरोपाचा जोर व वेळ पडद्यावर दिसते का?
४) निरोप थांबल्यास सूचना मिळते का?
५) इंटरनेट बंद असताना आकडे यंत्रात साठून राहतात का?
६) सेल आपण स्वतः बदलू शकतो का? तो तालुक्याच्या गावी मिळतो का?
७) माल भरलेल्या, दार बंद केलेल्या शेडमध्ये चाचणी देऊन मगच पैसे घेण्यास विक्रेता तयार आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर खरेदीची घाई करू नये.

सारांश

पत्र्याच्या इमारतीत रेडिओ लहरी धातूतून पार जात नाहीत. म्हणून ग्रहणयंत्र किंवा त्याची अँटेना संवेदकांसोबत आतच ठेवावी आणि निरोप वायरने बाहेर काढावा. चाचणी भरलेल्या व बंद शेडमध्ये घ्यावी. अँटेना धातूपासून दूर व उंच ठेवावी. संवेदक मालाजवळ बसवावा, वर्षातून दोनदा तपासावा आणि धुरीपूर्वी बाहेर काढावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडद्यावरील शेवटचा आकडा हा आत्ताचा आकडा समजू नये. संवेदक गप्प झाला की काहीतरी बिघडले आहे असे धरून प्रत्यक्ष शेडवर जाऊन पाहावे.